आधी दूध, अंडं आणि पीठ

तलवार उपसून राक्षस मारायला मिळतील म्हणून मी ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ हा ऑनलाइन गेम सुरू केला. पहिली कामगिरी काय निघावी? लंब्रिजच्या किल्ल्यातला आचारी डोक्याला हात लावून उभा. ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचाय आणि दूध नाही, अंडं नाही, पीठ नाही. मग या शूरवीराने बादलीत गाईची धार काढली, कोंबड्यांतून अंडं उचललं, गहू खुडून पवनचक्कीच्या माथ्यावर चढवला, दांडा ओढला आणि धावत खाली येऊन भांड्यात पीठ भरलं. नेमका तेव्हाच आतून आवाज आला, “अहो, दळणाचा डबा कालपासून दाराशी पडलाय!”

“उद्या नेतो,” मी म्हटलं. ड्यूकचा वाढदिवस थोडाच पुढे ढकलता येतो?

केकचं सामान पोचवल्याबद्दल स्वयंपाकाचे रोख 300 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळाले. घरी दळण आणलं की काय मिळतं? “इतकं जाडसर का आणलंत?” खरी गोम इथेच आहे. या गेममध्ये केलेलं काहीही वाया जात नाही. झाड तोडा, आकडा वाढतो. मासा धरा, आकडा वाढतो. आणि लेव्हल वाढली की डोक्यावर चक्क आतषबाजी! आमच्या ऑफिसात बढती मिळालेल्याला पेढेसुद्धा स्वतःच वाटावे लागतात.

तर घरी चातुर्मास पाळणारा मी, करामजा बेटाच्या धक्क्यावर शेवंडी धरत बसतो. एका शेवंडीला 90 एक्सपी. मासेमारीच्या शेवटच्या, 99व्या लेव्हलला लागतात 1,30,34,431. म्हणजे नुसत्या शेवंडींवर जायचं तर जवळजवळ दीड लाख शेवंडी. त्यात 92वी लेव्हल गाठून मान वर करावी, तर कळतं की आत्ता कुठे निम्मं झालं. शहाणा माणूस इथे उठेल. पण निम्मं झालेलं काम सोडवतं का कुणाला? शेवटी 99 गाठली की मानाचा झगा मिळतो. मिळतो म्हणजे 99,000 नाणी मोजून विकत घ्यायचा. सत्कारही आपला, शालही आपल्याच पैशाची, आणि नारळाचा पत्ता नाही.

2018 साली हा गेम मोबाईलवर आला आणि लोकलमधली झोपही गेली.

आमच्या क्लॅनचा, म्हणजे गेममधल्या टोळीचा, म्होरक्या बारावीत आहे. ऑफिसात साहेबाचे तीन निरोप आल्याशिवाय मी जागचा हलत नाही, पण या पोराने रात्री साडेअकराला “काका, बॉसवर जायचंय, मासे भरून या” म्हटलं की मी हजर. (बॉस म्हणजे साहेब नव्हे, गेममधला बडा राक्षस. मासे खाल्ले की तिथे जखमा भरतात. डॉक्टरला हे विचारू नये.)

परवा ऐन लढाईत त्याचा मेसेज आला, “काका, निघतो. आई ओरडतेय. तुमच्याकडे कुणी ओरडत नाही का?”

“ओरडतात की,” मी टाइप केलं, “पण हेडफोन भारी आहेत.”