आम्हाला गृहपाठ द्या

येत्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वार्षिक सभा आहे. पुढच्या वर्षाचे कार्यक्रम तिथेच ठरतील. सभेत बोलायला तीन मिनिटं मिळतात. मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे. संघातल्या सगळ्यांनी वाचावंच, पण ज्यांचे आईवडील नुकतेच निवृत्त झालेत त्यांनीही वाचावं.

माझी मागणी एकच आहे: कार्यक्रम कमी करा आणि वर्ग वाढवा. घरी गेल्यावर वही उघडावी लागेल, असे वर्ग.

गेल्या वर्षीचा अहवाल काढून बघा. निम्म्याहून जास्त व्याख्यानं आरोग्यावर होती. गुडघे, मधुमेह, मोतीबिंदू, पुन्हा गुडघे. मग मृत्युपत्र कसं करावं. मग वाढदिवस, कोजागरी, अष्टविनायकाची सहल. यातलं काहीही वाईट नाही. मृत्युपत्राच्या व्याख्यानानंतर मी खरोखरच मृत्युपत्र केलं. पण वर्षभराचं हे सगळं एकत्र पाहिलं की वाटतं, आमच्या शरीराची आणि आमच्या मरणाची काळजी सगळे करतात. आमच्या डोक्यात अजून काय काय मावेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

साधा हिशेब आहे. आपल्या राज्य सरकारी नोकरीत बहुतेक जण 58 व्या वर्षी निवृत्त होतात. माणूस 80 पर्यंत जगला तर पुढे 22 वर्षं उरतात. पहिलीपासून एम.ए.पर्यंत शिकायला 17 वर्षं लागतात. म्हणजे एक अख्खं शिक्षण होऊन वर पाच वर्षं शिल्लक राहतील एवढा काळ आपल्या हातात असतो, आणि त्याला आपण ‘उरलेलं आयुष्य’ म्हणतो. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे दहा कोटींहून जास्त लोक होते. आता तर कितीतरी वाढले असतील. एवढ्या माणसांनी नुसतं बागेत बसून राहायचं?

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. पहिलं वर्ष फार छान गेलं. दुसऱ्या वर्षी दुपारी तीन वाजले की जीव घाबरा व्हायला लागला. आजार काही नव्हता, दुपार संपायची नाही इतकंच. यातून मला बाहेर काढलं ते आमच्या मोडीच्या, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीच्या वर्गाने, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

आमच्या संघात एक आप्पा आहेत. वय 78. आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात जुनी दप्तरं हाताळली. मोडी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाचता येते, आणि हे आम्हाला चार वर्षं माहीतच नव्हतं! चार वर्षं आम्ही त्यांच्या शेजारी बसून गुडघ्यांवरची व्याख्यानं ऐकली. एकदा सहलीत एका वाड्याच्या ओसरीवर काचेत लावलेला कागद त्यांनी सहज उभ्याउभ्या वाचून दाखवला आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. “आप्पा, आम्हाला शिकवा,” म्हटलं तर ते मागे सरले. “मी काही मास्तर नाही हो.” दोन महिने मागे लागलो तेव्हा तयार झाले, आणि तेही एका अटीवर: रोज एक पान कित्ता गिरवायचा. वही आणली नाही तर वर्गात बसायचं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. आठवड्यात नऊ उरलो. त्या नऊ जणांनी मात्र एकही दिवस चुकवला नाही.

मोडी लिहायची रीतच वेगळी. आधी पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. इकार दीर्घ, उकार ऱ्हस्व, त्यामुळे जन्मभर ज्या ऱ्हस्वदीर्घासाठी मार खाल्ला तो प्रश्नच मिटतो. पण वाचायला बसलं की घाम फुटतो, कारण एकच अक्षर तीन माणसं तीन वळणांनी लिहितात आणि एक शब्द कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला हे अर्थ लावूनच ठरवायचं. वर जुन्या कागदांतल्या तारखा. सुहूर सन ही त्या काळची वर्षं मोजायची पद्धत, तिचे आकडे अरबी शब्दांत असतात. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे 1075. वर्षाचा कुठला भाग आहे ते बघून त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. आप्पांनी हे फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, “599 मिळवा.” 1674. राज्याभिषेकाचं वर्ष. वर्गात क्षणभर कुणी बोललंच नाही. शाळेत पाठ केलेला सन आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः काढला होता.

हे फार काही जगावेगळं चाललंय असं नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, राज्याचं पुराभिलेख संचालनालयही घेतं, आणि त्या वर्गांत पिकल्या केसांची माणसं दिसतात. मोडी वाचणाऱ्यांची गरजही आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, ठेवलेले आहेत. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरं उघडली आणि ती वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली. त्या वेळी आप्पांचाही फोन दिवसभर वाजत होता.

आता माझ्या घरातली गोष्ट. वडील 2004 मध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत राणीच्या छापाचा एक स्टँप कागद होता, मोडीत लिहिलेला. वडिलांना मोडी येत होती, त्यांच्या शाळेत ती शिकवत. मी त्यांना कधी विचारलं नाही हे काय आहे. विचारायला वीस-पंचवीस वर्षं होती, पण नाही विचारलं. वर्गाच्या सातव्या महिन्यात मी तो कागद काढला. पहिली ओळ लागायला तीन दिवस गेले. सगळा कागद लागायला सव्वा महिना.

शके 1814, म्हणजे 1892 सालचा करार आहे. विहिरीच्या मोटेच्या पाळ्यांचा. तीन भाऊ आणि मेलेल्या चौथ्या भावाची बायको. कुणी कुठल्या वारी मोट चालवायची, बैल कुणाचे, नाडा म्हणजे मोटेचा दोर तुटला तर कुणी द्यायचा, सगळं लिहिलंय. त्या बाईला आठवड्यातला एक दिवस आणि एक रात्र पाणी आहे, आणि त्यात दिरांनी हरकत घ्यायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. ती माझी पणजी. तिच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा म्हणजे माझे वडील. ते पाणी तिने भांडून मिळवलं असणार, नाहीतर ‘हरकत घ्यायची नाही’ हे लिहायची वेळ का यावी?

शेवटी सह्या आहेत. दिरांच्या नावांपुढे ‘निशाणी नांगर’. लिहिता न येणारे शेतकरी तशीच निशाणी करत. आणि तिच्या नावापुढे एक छोटं वर्तुळ, शेजारी ‘निशाणी बांगडी’. बायकांची निशाणी बांगडी असायची. त्या काळातली विधवा. हातात बांगडी उरलेली नसणार, आणि कागदावर तिची खूण बांगडीच. खाली ‘दस्तुर कुलकर्णी’, म्हणजे कागद कुलकर्ण्याच्या हातचा. मी तो कागद घरात एकटीनेच मोठ्याने वाचला. दोनदा.

तेव्हापासून मला मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा वेगळीच आठवते. 8 मार्च 2016 ला ती सुरू झाली, जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी सुरू केली. गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून साठ ते नव्वद वयाच्या आज्या शाळेत जाताना सगळ्यांनी फोटोंत पाहिल्यात. लोक म्हणतात, किती गोड. मला गोड नाही वाटत. अंगठा उठवणाऱ्या हाताने स्वतःचं नाव लिहायचं म्हणजे काय, हे मला त्या बांगडीच्या खुणेनंतर कळलं.

संघातले काही जण म्हणतात, वक्ते बोलावणं सोपं, वर्गाला मास्तर कुठून आणायचे? याचं उत्तर आपल्या हजेरीपुस्तकात आहे. फ्रान्समध्ये 1973 साली तुलूझ इथे प्राध्यापक पिएर व्हेला यांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू केलं, तिथे विद्यापीठातले प्राध्यापक निवृत्तांना शिकवत. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती कल्पना इंग्लंडात, केंब्रिजला पोचली आणि पीटर लॅस्लेट वगैरेंनी ती पार बदलून टाकली. प्राध्यापक नकोत, सभासदांनीच सभासदांना शिकवायचं. शिकवणारा दुसऱ्या वर्गात विद्यार्थी, आणि विद्यार्थी तिसऱ्या वर्गात शिक्षक. मला ही दुसरी रीत आपल्याला जास्त जवळची वाटते. आमच्याच संघात बघा. नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या दोघी आहेत, एक एसटीचे मेकॅनिक, एक वीणकाम करणाऱ्या काकू, एक शेतकी अधिकारी. सगळे एकमेकांच्या शेजारी बसून व्याख्यान ऐकतात. आप्पांसारखे.

ऐकायची सवय आपल्याला पूर्वीपासून आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यानंतर महाराष्ट्रात असं गाव मिळणं कठीण जिथे व्याख्यानमाला नाही. तिचं मोल मी कमी करत नाही, माझं अर्धं शिक्षण तिथे झालंय. पण व्याख्यान ऐकून आपण टाळ्या वाजवून घरी येतो. चूक करायची संधीच मिळत नाही. वर्गात माझं ‘क’चं वळण सगळ्यांसमोर चुकतं, दुसऱ्या दिवशी कमी चुकतं, आणि त्या दिवशी मला रात्री छान झोप लागते.

सभासदांनीच शिकवावं याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला मोबाइलच्या वर्गात कळलं. एका बँकेच्या खिडकीवर मी ॲपबद्दल काही विचारलं तर समोरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “आजी, घरातल्या कुणाला तरी पाठवा ना.” 36 वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली होती. घरी आले तर मुलाने फोन हातातून घेतला, “दे, मी करून देतो,” आणि अर्ध्या मिनिटात करून दिलं. प्रेमानेच दिलं. पण मला येईना ते येईनाच. आमच्या मोबाइलच्या वर्गात शिकवणाऱ्या काकू 71 वर्षांच्या आहेत. त्या दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहतात. समोरच्याच्या फोनला बोटही लावत नाहीत. वेळ लागतो, चुकतं, पुन्हा पहिल्यापासून. गेल्या नोव्हेंबरमध्ये आमच्यातल्या अकरा जणांनी पेन्शनचा हयातीचा दाखला घरी बसून फोनवरून भरला, चेहरा दाखवून. एकजण तर इतक्या आनंदात होते की त्यांनी पेढे वाटले. हयात असल्याचे पेढे! पोलिस किंवा बँकेच्या नावाने येणारे खोटे फोन कसे ओळखायचे, ओटीपी का सांगायचा नाही, हेही त्याच वर्गात पक्कं झालं, कारण तिथे फसलेली माणसं स्वतःची हकीकत न लाजता सांगतात. मुलांपुढे ती कधी बोलली नसती.

परीक्षेबद्दल मात्र माझं मत केंब्रिजवाल्यांपेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात परीक्षा नको, प्रमाणपत्र नको. मी म्हणते, ज्याला हवी त्याला देऊ दे. आमच्या संघातले एक निवृत्त कंडक्टर 69 व्या वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या प्रारंभिक परीक्षेला बसले. केंद्रावर सगळी आठ-दहा वर्षांची मुलं. पालकांच्या बाकावर बसा म्हणून त्यांना दोनदा सांगण्यात आलं. त्यांनी आपलं परीक्षार्थीचं पत्र दाखवलं आणि मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पास झाले. आता प्रवेशिकेची तयारी चालू आहे, आणि शेजारचा चौथीतला मुलगा आणि ते रोज संध्याकाळी एकत्र रियाज करतात. ज्याला परीक्षेची भीती वाटते, त्याच्यापुढे अजून काहीतरी आहे. मला ही भीती परत हवी आहे.

बायकांबद्दलही लिहायलाच हवं. संघाच्या सभासदांत आम्ही जवळजवळ निम्म्या, पण सकाळी दहाच्या कार्यक्रमाला मोजक्याच येतो. कारण दहा वाजता स्वयंपाक असतो, साडेबाराला नातवंडं शाळेतून यायची असतात. निवृत्ती पुरुषांना मिळते, आम्हाला फक्त ऑफिसातून मिळते. मोडीचा वर्ग दुपारी चारला ठेवला तेव्हा नऊपैकी सहा आम्ही होतो. त्यामुळे वेळ ठरवताना कृपा करून आम्हाला विचारा.

तर अध्यक्षसाहेब आणि कार्यकारिणी, रविवारी मी एवढंच मागणार आहे की आठवड्यातले तीन दिवस दुपारी चार ते पाच सभागृह वर्गांसाठी राखून ठेवा. फळा आहे, तो पुसून आत आणू. मानधन कुणाला नको. सभासदत्वाच्या अर्जात एक रकाना वाढवा: ‘तुम्हाला काय शिकवता येईल?’ आणि त्याच्या खाली दुसरा: ‘तुम्हाला काय शिकायचंय?’ दोन्ही भरल्याशिवाय अर्ज घेऊ नका.

आप्पांनी मोडीची दुसरी तुकडी सोमवारपासून घ्यायचं कबूल केलंय. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच नाव लिहा. घरात जुने कागद असतील तर ते आताच आणू नका, सहा महिन्यांनी आणा. येताना कोरी वही आणा, आखीव नको. रेघ हाताने ओढायची आहे.