ड्राय बाल्कनीतलं बिऱ्हाड

पुण्यातल्या टू बीएचकेचा कारभार हॉलमधून चालत नाही, ड्राय बाल्कनीतून चालतो. भांडी तिथे, वॉशिंग मशीन तिथे, गॅसचा जादा सिलिंडर तिथे, कांदे-बटाटे तिथे, आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदीलही पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच. त्यामुळे गांधीलमाश्यांनी पोळं बांधायला आमच्या घरातली नेमकी हीच जागा निवडली, तेव्हा त्यांच्या जाणकारीला दाद द्यावीच लागली. कपडे वाळत घालायच्या दांडीच्या बरोबर वर, छताला एक बारीकसा देठ आणि देठाला उलटं लोंबणारं करडं पोळं.

बातमी आणली भांडीवाल्या मावशींनी. "ताई, वर गांधील हाये. ते काढल्याबिगर मी आत जायची नाय," एवढं सांगून त्यांनी पदर खोचला तो घरी जाण्यासाठी. गांधीलमाशीचा खरा त्रास चावण्यापासून सुरू होतो हा गैरसमज आहे. तो खरकट्या कढईपासून सुरू होतो, आणि आमच्या घरात कढई कोणाच्या वाट्याला आली हे सांगायला नकोच.

मग सल्ले आले. आमच्या आईने कुंभारणीची आठवण काढली. कुंभारीण भिंतीवर मातीचं घर करते ते मोडू नये, घरात पाळणा हलतो, असं तिच्या माहेरी कोकणात मानत. हे मातीचं नाही, कागदाचं आहे, असं मी सांगितलं. पाळण्याबद्दल काही सांगितलं नाही. बायकोने माझ्या टकलाकडे पाहून तो विषय परस्पर निकालात काढला.

तळमजल्यावरच्या काकांचा सल्ला रांगडा होता. "बांबूला फडकं गुंडाळ, रॉकेलमध्ये बुडव, पेटव आणि दाखव. आमच्या गावी असंच करायचो." त्यांच्या गावी पोळ्याखाली भरलेला सिलिंडर नसायचा, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "मग सिलिंडर हलव," म्हणाले. सिलिंडर हलवायला आत कोण जाणार, या प्रश्नावर काका फिरायला निघून गेले.

न्यू जर्सीच्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर पोळं पाहिलं. तिकडे म्हणे वीस फुटांवरून धार मारणारा फवारा मिळतो. माझी ड्राय बाल्कनी एकूण सहा फुटांची. वीस फुटांवरून मारायचं तर मला समोरच्या विंगमधल्या कुणाच्या तरी बेडरूममध्ये उभं राहावं लागलं असतं. "नाहीतर थांबा मामा," तो म्हणाला, "पहिलं हिम पडलं की आपोआप मरतात." पुण्यात हिमाची वाट बघायची म्हणजे भांडी मीच घासायची, आणि तीही पेन्शन सुरू झाल्यावर. शिवाय आपल्याकडच्या या माश्यांना हंगाम नसतो. पोळं बारा महिने नांदतं.

सोसायटीकडे गेलो. सेक्रेटरींनी नियम सांगितला: बाहेरच्या भिंतीवरचं पोळं सोसायटीचं, आतलं सभासदाचं. "पण स्लॅब सोसायटीचा ना?" मी म्हणालो. "स्लॅब आमचा," ते म्हणाले, "पण पोळं स्लॅबच्या खाली आहे. लीकेज असतं तर बघता आलं असतं." हे बोलताना त्यांचा चेहरा फार थकलेला दिसला. गेली काही वर्षं ते राजीनामा देत आहेत आणि दर वार्षिक सभेत सगळे मिळून त्यांना परत बसवतात, कारण त्या खुर्चीवर बसायला दुसरं कोणी तयार नाही.

उपयोगाची एकच व्यक्ती निघाली, तिसऱ्या मजल्यावरची प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी. तिने स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेला नाक लावून पाहिलं आणि आनंदाने ओरडली, "काका, रोपालिडिया मार्जिनाटा!" घरात पेढे वाटायचा प्रसंग असावा असा तिचा सूर होता. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकरांनी म्हणे याच माशीच्या अभ्यासात अनेक वर्षं घालवली. यांची राणी म्हणजे पोळ्यातली सगळ्यात गरीब बाई. कोणावर ओरडणं नाही, ढकलाढकल नाही. अंडी घालताना पकडली तरच ही राणी असं कळतं. ती नाहीशी झाली की मात्र काही मिनिटांत एक साधी कामकरीण एकदम आक्रमक होते, बाकीच्यांना दामटायला लागते, आणि एकही माशी तिला आव्हान देत नाही. आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि पहिलीसारखीच गरीब होते. पुढची राणी कोण होणार हे आधी माणसांना ओळखता येत नाही. माश्यांना बहुधा माहीत असतं.

मला आमचे सेक्रेटरी आठवले. काही मिनिटांत! आणि कोरमही लागत नाही.

त्या दिवसापासून मी भांडी घासता घासता काचेतून बघायला लागलो. बाल्कनीतल्या जुन्या पाटाचं लाकूड त्या खरवडत, लाळेत कालवत आणि पोळ्याला कागदाचा नवा थर देत. म्हणजे घर माझं, माल माझा, आणि आत जायला बंदी मला. कढीपत्त्यावरच्या अळ्या मात्र नाहीशा झाल्या होत्या. त्यांचा लगदा करून पिल्लांना भरवला जात होता. हा मुद्दा मी बायकोपुढे मांडला. "मग भांडीही त्यांनाच घासायला सांगा," ती म्हणाली.

शेवटी प्रश्न पँटचा आला. ऑफिसची बरी पँट दांडीवर अडकली होती आणि दुसरीचं बटण लागत नव्हतं. मी रेनकोट चढवला, हातमोजे घातले, तोंडाला बायकोचा स्कार्फ गुंडाळला आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटसक्तीला तत्त्वतः विरोध करत आलेला मी पुणेकर. ते पहिल्यांदा नीट घातलं ते स्वतःच्या घरात, ताशी शून्य किलोमीटर वेगाने. पँट मिळाली. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये जी बोटभर जागा राहते तिथे मला प्रसादही मिळाला.

आई अडकित्ता घेऊन धावली. गांधील चावली की लोखंड घासायचं. बायकोने चुना आणला. दोघी मिळून मनगटात काटा शोधत होत्या, पण तो सापडणार कसा? मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, म्हणून ती रुतून राहते. गांधील आपली नांगी परत घेऊन जाते, पुन्हा कामाला येते म्हणून. आराम पडला तो बर्फाने. डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं की ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर घरगुती उपचार सोडून थेट दवाखाना गाठायचा. माझं फक्त मनगट सुजलं, म्हणून ते भांडी घासण्यास पात्र ठरलं.

मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, रात्रीच यावं लागेल; अंधारात सगळ्या पोळ्यावर असतात आणि उडत नाहीत. रात्रीचं काम, रात्रीचा रेट.

तो यायच्या दिवशी दुपारी खिडकीतून वेगळंच धूड आत आलं. काळंभोर, पोटावर एकच पिवळा पट्टा, अंगाने आमच्या माश्यांच्या कितीतरी पट. तिसऱ्या मजल्यावरून तज्ज्ञ धावत आल्या: "व्हेस्पा ट्रॉपिका! यांची मुख्य शत्रू हीच." मला वाटलं आता युद्ध होणार. कसलं काय! मला डसणाऱ्या त्या शूर बायका मुकाट बाजूला होऊन भिंतीला चिकटून बसल्या. पाहुणीने एकेक खोली उघडून पिल्लं काढली, चावून गोळा केला, नेऊन ठेवला, परत आली. संध्याकाळपर्यंत सगळं पोळं रिकामं. उरलेल्या माश्याही मग खिडकीतून कुठे तरी निघून गेल्या.

रात्री तो टॉर्चला लाल कागद लावून आला. पोळं बघितलं, देठापासून मोडलं, खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि पूर्ण रक्कम लिहिली. खाली लिहिलं, 'वॉरंटी तीन महिने.'

"वॉरंटी कसली?" मी विचारलं.

"परत आल्या तर फुकट मारून देऊ."

"अहो, पण तुम्ही मारल्याच नाहीत."

"म्हणून तर तीन महिने," तो म्हणाला. "मारल्या असत्या तर सहा दिली असती."