अर्थिंगचा खड्डा आणि इतर फालतू खर्च

आयटीआयची वीजतंत्रीची दोन वर्षं संपवून एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लागला असशील, तर आधी ओहमचा नियम डोक्यातून काढून टाक. व्ही बरोबर आय गुणिले आर, हे पेपरात लिहायला ठीक होतं. सांगलीत विश्रामबागेत कुणाच्या नव्या घरात छिन्नी-हातोड्यानं झिरी मारताना त्याचा काय उपयोग? इथला हिशेब पॉइंटवर, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट यांच्या एकेका जागेवर चालतो. पॉइंट किती आणि दर किती, एवढा गुणाकार आला की तू मिस्त्री झालास.

पहिली बचत रंगांत. वायरचं बंडल 90 मीटरचं येतं. फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला (ती परत नेणाऱ्या तारेला) काळी, अर्थला (जमिनीत जाणाऱ्या तारेला) हिरवी असं करत बसलास तर चार-पाच बंडलं फोडावी लागतात आणि प्रत्येकाचा तुकडा उरतो. त्यापेक्षा सगळीकडे लाल ओढ. प्लास्टर झाल्यावर भिंतीत कोण डोकावणार आहे? पुढं पाच वर्षांनी कुणी जंक्शन बॉक्स उघडलाच, तर आतून अकरा लाल तारा बाहेर येतील आणि तो तुझी आठवण काढेल.

लाल तारांचा आणखी एक फायदा म्हणजे स्विच फेजवर आला की न्यूट्रलवर, ही चिंता मिटते. बटण दाबलं की दिवा लागतो आणि विझतो, मालकाला आणखी काय हवं? न्यूट्रलवर स्विच आला तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उभाच राहतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळतं, पण जरा उशिरा. रात्री बटण बंद करूनही एलईडी मिणमिणत राहिला आणि मालकानं विचारलं, "वायरमन, हे काय?" तर सरळ सांग, बल्ब हलका आहे, चांगल्या कंपनीचा घ्या. बंद स्विचमागच्या लांब तारांमधून झिरपणाऱ्या चिमूटभर करंटवर एलईडी मिणमिणतो, हे मालकाला समजावत बसायला तुला पॉइंटमागे काही जादा मिळत नाही.

तपासणीसाठी वीस रुपयांचा टेस्टर पुरेसा आहे. टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर ही बड्या लोकांची खेळणी. टेस्टरातला निऑन तुझ्या अंगातून जाणाऱ्या मिलिअँपिअरच्या अंशावर पेटतो. त्यामुळं तो लागला म्हणजे पुरवठा ठीक आहे असं नव्हे, आणि नाही लागला म्हणजे तार मेलेली आहे असंही नव्हे, कारण तू कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असू शकतोस. मागं कुठं न्यूट्रल तुटला आणि पंख्याचं बटण चालूच राहिलं, तर फेज पंख्यातून फिरून न्यूट्रलच्या भोकात येतो आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. अशा वेळी गोंधळायचं नाही. "दोन्हीकडं लाइट येतीय, डबल फेज झालंय," असं म्हणून मेन स्विचकडे गंभीरपणे बघायचं.

आता वायरची जाडी. पुस्तक म्हणतं, दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, पॉवर सॉकेटला 2.5, गिझर आणि एसीला 4. तू सगळीकडे दीडची ओढ, पाइपातून सरसर जाते. 20 मिलिमीटरच्या पाइपात अडीचच्या पाच-सहा तारांपुढं जाऊ नये म्हणतात. दीडच्या दहा सहज बसतात, तार ओढायच्या स्प्रिंगला साबण लावला की बारासुद्धा. पाइप गच्च भरला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरची क्षमता उतरते. पण सांगलीत एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचीच उतरते.

मग 16 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) वरचेवर पडायला लागेल आणि मालक फोन करेल. उपाय सोपा आहे, 32 चा बसव. परत पडणार नाही. एमसीबी गिझरला किंवा मिक्सरला वाचवण्यासाठी असतो अशी मालकाची समजूत असते, ती मोडू नकोस. तो असतो भिंतीतल्या तारेसाठी. पाइपातली अडीचची तार विसेक अँपिअरपर्यंत सुखानं वाहते आणि दीडची त्याहून कमी. तिच्या डोक्यावर 32 ठेवला, तर 28 अँपिअर तासन्‌तास वाहत राहतील, एमसीबी त्याला आपलं काम समजेल, आणि वायरचं पीव्हीसी आधी मऊ, मग तपकिरी होईल. जळकट वास आला की मालक स्वयंपाकघरात जाऊन दूध उतू गेलंय का ते बघेल.

जॉइंट कसा करावा, हे मात्र नीट बघून ठेव. तार बोर्डापर्यंत पुरली नाही तर पाइपातच जोड दे. अर्धा इंच सोल, दोन वेढे मार, वर काळी पट्टी. पट्टी दोन फेरे पुरे, तिसरा मालकाच्या पैशानं. अशा ढिल्या वेढ्यात समज अर्धा ओहम रोध राहिला. गिझर 2 किलोवॉटचा असला तर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर ओढतो. 8.7 चा वर्ग करून अर्ध्यानं गुणलं की 38 वॅटच्या आसपास येतं. म्हणजे सोल्डरिंगच्या पंचवीस वॅटच्या आयर्नपेक्षा दीडपट तापणारी वस्तू तू प्लास्टरच्या आत, पीव्हीसीला चिकटवून, कायमची बसवलीस. गंमत अशी की गिझरला जेमतेम सवाचार व्होल्ट कमी मिळतात, पाणी व्यवस्थित तापतं. एमसीबीलाही 8.7 अँपिअरच दिसतात, तोही शांत. शॉर्ट नाही, ओव्हरलोड नाही, त्यामुळं कुणालाच काही पडत नाही. (विसरायला सांगितलेला नियम इथं कामाला आला, त्याकडे दुर्लक्ष कर.) पोलवरून येणारी अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याला अशीच सरळ पिळलीस तर आणखी बहार. दोन्ही धातू तापून कमीजास्त फुगतात, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि ओल लागली की ते खातही जातं. बायमेटल लग (दोन्ही धातूंचा जोडतुकडा) वापरला तर यातलं काही होत नाही, पण मग मालक दुसऱ्यांदा कशाला बोलावेल?

आता मुख्य विषय, अर्थिंग. घरभर फिरणारी ही एकच तार अशी की जी काढली तरी सगळं चालतं. पंखा फिरतो, टीव्ही लागतो, फ्रिज गार होतो. कामच करत नाही अशा वस्तूवर पैसे का घालायचे?

पुस्तकी पद्धत अशी. 40 मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, त्याला भोकं, भोवती कोळसा आणि मिठाचे आलटून पालटून थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकणाचा चौकोनी हौद. प्लेट वापरायची तर 60 बाय 60 सेंटिमीटरची, तांब्याची असेल तर 3.15 मिलिमीटर जाड, जीआयची असेल तर 6.3, आणि तीही माणूसभर खोल. एवढा खड्डा खणायला दोन गडी, एक दिवस. त्यापेक्षा दोन फुटी सळई घे, परसात कढीपत्त्याच्या शेजारी हातोड्यानं ठोक, वरून तांब्याची तार गुंडाळ. पाऊस पडेपर्यंत थांबावं लागलं तर एक बादली पाणी ओत आणि मालकाला हात जोडून दाखव. काही जण तेवढंही करत नाहीत, अर्थ नळाच्या पाइपला बांधतात. नळ आता सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे आहेत, हे त्यांच्या लक्षात आणून देऊ नये.

माती बघायचीही गरज नाही. शामरावनगरकडची काळी माती पावसाळ्यात अर्थसाठी सोन्यासारखी असते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सळई भेगेत नुसती उभी राहते. जत, आटपाडीकडे तर दोन फुटांखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. तिथं अर्थ मोजायला गेलास तर मन खट्टू होईल, म्हणून मोजू नकोस.

मोजलंस तर काय दिसेल? समज गिझरचा एलिमेंट फुटला आणि फेज टाकीच्या पत्र्याला लागला. अर्थचा सगळा मिळून रोध 5 ओहम असेल, तर 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर वाहतील. 20 अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी झटक्यात पडतो तो पाच ते दहा पटीला, म्हणजे 100 ते 200 अँपिअरला. त्यामुळं 46 वर तो आधी तापेल, विचार करेल आणि मग पडेल, कधी मिनिटभरही लावेल. पण पडेल. तुझ्या कढीपत्त्याशेजारच्या सळईचा रोध उन्हाळ्यात 25 ओहम जरी धरला, आणि तो धरणं म्हणजे तुझ्यावर मेहेरबानीच, तरी वाहणार 9.2 अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीनं कुणीतरी अजून एक गिझर लावलाय. तो पडणारच नाही. टाकी, तोटी आणि तोटीखालची ओली फरशी, सगळं जिवंत राहील, आणि मीटर फिरत असल्यानं बिल मात्र वाढेल. बिलाची तक्रार आली तर मीटरला दोष देता येतो.

एक हुशारी जुने लोक शिकवतात, ती तूही शिकशील. सॉकेटच्या मागं न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या पिनेला दोन इंचाचा तुकडा जोडायचा. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला की झगझगीत पेटतो, मालक खूश. सहा महिन्यांनी मागच्या बॉक्समध्ये न्यूट्रल सुटतो. त्याच क्षणी फेज चालू फ्रिजच्या मोटरमधून न्यूट्रलवर, न्यूट्रलवरून त्या दोन इंचाच्या तुकड्यावर आणि तिथून फ्रिजच्या दारावर येतो. प्लगची अर्थची पिन जाड आणि लांब का करतात, माहीत आहे ना? आधी अर्थ लागावा आणि शेवटी सुटावा म्हणून लांब, फेजच्या भोकात जाऊ नये म्हणून जाड. तू फेज थेट त्याच पिनेवर आणून ठेवलास, त्याला अक्कल लागते.

आरसीसीबी म्हणून एक चिडका प्राणी असतो, तो बसवूच नकोस. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत मोजून बघतो आणि 30 मिलिअँपिअरचा फरक आला तरी घर अंधारात टाकतो. तुझ्या वायरिंगमध्ये तर तो टिकणारच नाही. वरच्या खोलीचा न्यूट्रल खालच्या सर्किटला, इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला, असं सगळं एकत्र पिळलेलं असलं की करंट एका वाटेनं जातो आणि दुसऱ्या वाटेनं परत येतो. आरसीसीबीला हे चोरीसारखं वाटतं. न्यूट्रल वेगळे करत बसायला दोन दिवस लागतात, आरसीसीबीला बायपास करायला दोन मिनिटं. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. मालकानं विचारलंच तर सांग, त्याला हात लावू नका, कंपनीचं सील आहे.

सांगलीत राहतोस म्हणून पुराचंही सांगायला हवं. 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं. म्हणून गावभागात आणि सांगलवाडीत सॉकेट फरशीपासून फूटभर उंचीवरच बसव. दिसायला छान दिसतं. खालचा मजला आणि वरचा मजला एकाच डीबीवर (एमसीबींच्या पेटीवर) घे, आणि डीबी जिन्याखाली, म्हणजे पाणी आल्यावर वरच्यांनाही अंधार आणि भेदभाव नको. पाणी ओसरलं की बुडालेले एमसीबी उन्हात पत्र्यावर वाळत घाल आणि परत बसव. आतल्या स्प्रिंगला आणि संपर्काला गाळ चिकटलेला असतो, पण वरून पुसलं की नवे दिसतात. पाइपाच्या वाकणात पंधरा-पंधरा दिवस पाणी साठून राहतं. 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावून फेज-अर्थमध्ये निदान 1 मेगओहम दाखवतोय का बघ, मगच लाइन सोड, असं जाणते सांगतात. मेगर भाड्यानं आणावा लागतो, लाइन सोडायला एक बोट पुरतं.

शेतातल्या मोटरीबद्दल थोडक्यात. पाच एचपीची तीन फेजची मोटर 415 व्होल्टवर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, रिले (जादा करंटला मोटर बंद करणारा) त्यावरच लावायचा. पण तासगावात द्राक्षबागेला पाणी द्यायचं असतं आणि रिले पडला की शेतकरी रात्री दोनला उठतो, म्हणून तो 12 वर फिरवून ठेव. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर करंट पावणेदोन पटीकडे जातो, म्हणजे तेराच्या आसपास. 12 च्या रिलेला तो जेमतेमच जास्त वाटतो, तो दोन तास विचार करतो आणि तेवढ्यात वाइंडिंगचं वार्निश करपून जातं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) असेल तर तो आधीच काढून टाकलेला असेल, तुला त्रास नाही. रिवाइंडिंगवाला तुझा पाहुणा असेल तर उत्तम.

आणि काम करताना मेन बंद करू नकोस, लोक हसतात. जुने वायरमन फ्यूजची ग्रिप उपसून खिशात घालूनच खांबाकडे जायचे, कारण घरातल्या पोरानं लाइट का नाही म्हणून ती परत घातली तर? तुझ्या वेळी एमसीबी आहेत, त्यांना खिशात घालता येत नाही, आणि टाळं लावायची क्लिप मिळते हे कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी नवीन कनेक्शनसाठी चाचणी अहवाल लागतो. परवानाधारकाची सही आण. त्यानं घर बघितलेलं नसलं तरी सही ओळखीची असते. रकाने रिकामे ठेवू नकोस. इन्सुलेशनच्या रकान्यात अनंत हे चिन्ह काढ, आडवा आठ, सगळ्यांना जमतो. अर्थ रेझिस्टन्सच्या रकान्यात 1 ओहम लिहू नकोस, ते अंदाजे वाटतं. 0.8 लिही. त्यात मोजल्यासारखं काहीतरी आहे.