चौथ्यातला निषाद

आमच्या नानाकाकांनी पंच्याहत्तरीच्या मुहूर्तावर स्वतःच्या भावगीतांची सीडी काढली. शब्द नाना, चाल नाना, आवाज नाना. कव्हरवर नाना, पेटी आणि मागे खडकवासला धरण. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाठीशी पाणी असल्याशिवाय त्यांचा फोटो खुलत नाही. मुलगा म्हणाला, यूट्यूबवर टाकू. "टाकायला तो काय केर आहे?" नाना म्हणाले. अल्बम हातात धरता आला पाहिजे, मागे गाण्यांची यादी पाहिजे आणि यादीखाली बारीक अक्षरात तबलजीचं नाव पाहिजे. ५०० प्रती काढल्या. त्याहून कमी परवडत नाहीत म्हणे. ४० वाटल्या, उरलेल्या काकूच्या पलंगाखाली आहेत.

वाटलेल्यांतली एक मी दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि घरी आणून टीव्हीखाली ठेवली. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं.

रविवारी सकाळी साडेनऊला फोन. "ऐकलीस का रे?"

"अशी घाईगडबडीत नाही ऐकायची नाना, म्हणून थांबलोय."

हे वाक्य दोन रविवार पुरलं. तिसऱ्या रविवारी मी "ऐकली, छान झालीय" म्हणून मोकळा झालो.

"चौथ्यातला निषाद कसा वाटला?"

"वा! तिथे तर मी दोनदा मागे जाऊन ऐकलं."

पलीकडे शांतता. मग नाना म्हणाले, "चौथं गाणं भूप रागात आहे. भूपात निषाद नसतो." आणि फोन ठेवला.

सा रे ग प ध, नी नाहीच. पेटीच्या क्लासला पहिल्या महिन्यात शिकवतात. मलाही शिकवलं होतं, वडिलांनी फीसुद्धा भरली होती.

आता सीडी ऐकणं भाग होतं. तेव्हा लक्षात आलं, की घरात सीडी ऐकायला काहीच नाही. लॅपटॉप इतका सडपातळ, की त्याच्या बरगड्यांत सीडी शिरायला जागाच नाही. आधीच्या गाडीत सीडीची फट होती, तिच्यात मुलाने टोलच्या पावत्या घालून ती बंद पाडली. आताच्या गाडीत भलामोठा स्क्रीन आहे आणि फट कुठेही नाही. माळ्यावरून डीव्हीडी प्लेअर काढला. त्याचा कप्पा चिमट्याने ओढून उघडला, तर आत मेव्हणीच्या लग्नाची डिस्क. ती २०११ पासून हरवली आहे म्हणून दोन घरांत अबोला आहे. नानांची सीडी आत सरकवली. प्लेअरने घसा खाकरला आणि 'नो डिस्क' असं लिहून दाखवलं. ४ मिनिटांपूर्वी आत डिस्क आहे हे त्याला मान्य होतं का, कोण जाणे.

मग चौकातल्या आमच्या जुन्या कॅसेटच्या दुकानात गेलो. खरं तर ते कॅसेट विकायचं कमी आणि भरायचं जास्त. 'आवडीची गाणी भरून मिळतील' अशी पाटी होती. वहीच्या पानावर यादी लिहून न्यायची, सोबत कोरी कॅसेट. मालक यादी वाचायचे आणि आपण परीक्षेच्या निकालासारखं त्यांच्या तोंडाकडे बघायचं. "हे गाणं आणि हे गाणं शेजारी? अहो, मधे काहीतरी ठेवा." ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, आणि तो हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. "बी बाजूला ४ मिनिटं उरतात, काय भरू?" मला सुचायचं नाही. ते म्हणायचे, "मी बघतो." आणि ते त्यांच्या आवडीचं भरायचे. माझ्या अकरावी-बारावीत भरलेल्या प्रत्येक कॅसेटच्या शेवटी एक नाट्यपद आहे, ते मी कधीच मागितलं नव्हतं. आज मला माझी यादी आठवत नाही, ती नाट्यपदं मात्र तोंडपाठ आहेत. हा सगळा धंदा कायद्यात बसत नव्हता हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मालकांच्या गळ्यात माळ होती आणि कपाळाला बुक्का, त्यामुळे शंका आली नाही.

पुढे त्याच दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. मालक यादी बघेनासे झाले, कारण यादीच नव्हती. "२ जीबी भरा," एवढंच सांगायचं. पोतं भरायला सांगावं तसं. मग फोन स्वतःच भरलेले यायला लागले आणि दुकानात भरण्यासारखं फक्त वीजबिल उरलं.

आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. गल्ल्यावर मालकांचा मुलगा. "बाबांचा एक सीडी प्लेअर होता," तो म्हणाला, "पण मागच्याच आठवड्यात एक काका घेऊन गेले. त्यांनाही कोणाची तरी घरगुती सीडी ऐकायची होती."

कर्वे रोडवरचं अलूरकर म्युझिक हाऊस केव्हाच गेलं. मुंबईचा मेव्हणा (लग्नाची डिस्क सापडल्यापासून बोलायला लागलाय) म्हणाला, "काळा घोड्याला रिदम हाऊसमध्ये विचारू का?" कॉलेजात असताना मी तिथे बूथमध्ये उभा राहून तासभर फुकट गाणी ऐकायचो आणि काहीही न घेता बाहेर पडायचो. दुकान २९ फेब्रुवारी २०१६ ला बंद झालं. पुण्यतिथीसुद्धा ४ वर्षांतून एकदाच येते. पुढे ती जागा एका हिरेव्यापाऱ्याच्या कंपनीने घेतली आणि मग ईडीने ती जप्त केली. आम्ही फुकटे बरे होतो म्हणायचे.

शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथला मुलगा फार अदबशीर होता. "सीडीचं नाही सर, पण हे बघा." समोर चकचकीत रेकॉर्ड प्लेअर! लाकडी पेटी, काटा, सुई, सगळं जिथल्या तिथे. १९४८ साली आलेली एलपी वाजवायचं यंत्र हवं तेवढं मिळतं, १९८२ साली आलेली सीडी वाजवायचं मिळत नाही. म्हणजे नानांनी एकतर चाळीस वर्षं आधी गायला हवं होतं, नाहीतर आणखी तीसेक वर्षं थांबायला हवं होतं. मधेच गायले, हीच चूक झाली.

हरून ऑनलाइन गेलो आणि लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. १,४५० रुपये. तो आला, पण त्याची पिन लॅपटॉपला बसेना. मग पिनेला पिन जोडणारी पिन, ३५० रुपये. फुकट मिळालेली सीडी १,८०० ला पडली. एवढ्यात त्या मालकांनी ५० कॅसेट भरून दिल्या असत्या, नाट्यपदांसकट.

रात्री सगळे झोपल्यावर कानाला हेडफोन लावले. सीडी गरगरली. एलपी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. नानाही आतूनच आले. आणि सांगायला संकोच वाटतो, पण बरे गातात. तिसऱ्या गाण्यात मी चक्क पाय हलवत होतो. चौथं लागलं. भूप. शुद्ध, सरळ, पाच सुरांत. पहिलं कडवं झालं, म्युझिक आलं, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी सिंथेसायझरवाल्याने लख्ख निषाद लावला. मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. दोनदा. निषादच.

रविवारी साडेनऊला फोन मीच केला. "नाना, ऐकली. खरोखर ऐकली."

"कशावर?"

सगळं सांगितलं, पिनेच्या पिनेपर्यंत. नानांचा आवाज एकदम खाली आला. "मग कशी आलीय रे? खरखर नाही ना? आमचा प्लेअर बिघडलाय, आणि दुरुस्त करणाऱ्याने दुकानाचं झेरॉक्स सेंटर केलं. स्टुडिओत माझं गाणं ऐकलं तेवढंच, म्युझिक त्यांनी नंतर भरलं. अख्खी अशी मी अजून ऐकलेलीच नाही."

मी काय बोलणार? तेच पुढे बोलले, "आणि लोक बघ. मी सगळ्यांना तोच प्रश्न टाकला. ४० जणांपैकी ३१ जणांना चौथ्यातला निषाद आवडला! कोथरूडच्या वसंताने तर कहर केला. म्हणतो, दुसऱ्या कडव्याच्या आधी येतो तो. थापा मारायच्या त्याही जागा दाखवून! त्याच्याशी बोलणं बंद केलंय मी."

"अगदी बरोबर केलंत," मी म्हणालो.

"नाही ना रे निषाद?"

"छे हो नाना. भूपात कुठला निषाद?"

"पुढच्या रविवारी येतो तुझ्याकडे. तो डबा जोडून ठेव. हेडफोन नको, मोठ्याने लावू. काकूलाही आणतो."

फोन ठेवला आणि ड्राइव्हचं बिल शोधलं. माल पसंत न पडल्यास ७ दिवसांत परत घेतात. सातवा दिवस शनिवारी येतोय.