थेम्समधला मुलगा आणि कृष्णाकाठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'अ‍ॅडम'वरच्या, म्हणजे लंडनमध्ये थेम्स नदीत ज्याचं फक्त धड सापडलं त्या अनोळखी लहान मुलावरच्या, माझ्या लेखाखाली परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. नाव नाही, खाली फक्त 'एक कराडकर'. मागाहून येणाऱ्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती जशीच्या तशी इथे देतो :

"लेख वाचला. धड टॉवर ब्रिजपाशी नाही, ग्लोब थिएटरजवळ बाहेर काढलं. नरबळी कुठेही सिद्ध झालेला नसताना तुम्ही मथळ्यातच निकाल दिलात आणि एका अख्ख्या देशाला बदनाम केलंत. कृष्णाकाठी राहून थेम्सकाठच्या पोरासाठी गळा काढायची हौस कशाला? आधी नीट वाचा, मग लिहा."

पहिली गोष्ट लगेच मान्य. २१ सप्टेंबर २००१ ला टॉवर ब्रिजवरून जाणाऱ्या एका माणसाला ते पाण्यात दिसलं आणि पोलिसांनी पुढे ग्लोब थिएटरजवळ बाहेर काढलं. मी दोन्हींचं एक करून टाकलं होतं. चूक माझी. आज रात्री ते वाक्य दुरुस्त करतो.

पण ही चूक सांगायची तुमची रीत! "आधी नीट वाचा, मग लिहा." एकतीस वर्षं मी साताऱ्यात मराठी शिकवलं. हजारो वह्या तपासल्या, पण चौथीतल्या पोराच्या वहीवरसुद्धा असला शेरा कधी मारला नाही. चूक दाखवावी, माणसाला झोडपू नये. तुम्ही नाव न देता लिहिता, मी नाव देऊन लिहितो, एवढा फरक तरी ध्यानात ठेवायला हवा होता.

आणि ते "गळा काढायची हौस". हे वाक्य माझ्या डोक्यातून दोन दिवस जात नाहीये. म्हणून त्याचंच उत्तर देतो.

माझे वडील गावचे पोलीस पाटील होते. कृष्णाकाठचं आमचं गाव संगम माहुलीच्या खालच्या अंगाला. १९७८ सालची गोष्ट. कारखान्यांचा हंगाम चालू होता, ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या. एका सकाळी नदीच्या डोहात चार-पाच वर्षांचा मुलगा सापडला. मी बारा वर्षांचा होतो. मला घरी थांबवलं होतं, तरी मी मागून गेलो. फार जवळ जाता आलं नाही. वडील पंचांबरोबर उभे होते आणि हवालदार पंचनामा सांगत होता, ते शब्द मला आजही पाठ आहेत : "अनोळखी मयत, पुरुष जातीचे मूल, वय अंदाजे पाच, कमरेस काळा करदोडा, त्यात भोक पाडलेले तांब्याचे नाणे." गळ्यावर वळ होता. म्हणजे नुसता अकस्मात मृत्यू नव्हे, खून.

वडील सायकलवरून पंधरा दिवस फिरले. टोळ्यांच्या खोपटांमधून, माहुलीच्या घाटावर, बाजाराच्या दिवशी कोरेगावला, वडूथला. "करदोड्यात तांब्याचं नाणं असलेलं कुणाचं पोर हरवलंय का?" कुणीच हो म्हणालं नाही. शेवटी वरून एक जण त्यांना म्हणाला, "पाटील, बेवारस पोर आहे, कशाला जिवाला त्रास करून घेताय?" काही महिन्यांनी 'अ समरी' झाली. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. फाइल बांधली गेली. कुठल्या ठाण्याने, कुणी, हे इथे लिहिणार नाही. त्यातलं आता कुणी हयात नसेल.

लहान मूल म्हणून नदीकाठी पुरलं. पितृपंधरवड्यात घातचतुर्दशीला, म्हणजे शस्त्राने वा घाताने गेलेल्यांच्या तिथीला, आई एक पान जास्तीचं वाढायची. भटजींना ते पसंत नव्हतं. ना नाव, ना गोत्र, त्यातून लहान मूल, त्याचं कसलं श्राद्ध? आई काही बोलायची नाही. पान वाढायची आणि कावळा शिवेपर्यंत दारात थांबायची. ती जाईपर्यंत हे चाललं.

आता सांगा, कृष्णाकाठ मला कुणी शिकवायचा?

अ‍ॅडमबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते त्या नारिंगी अर्ध्या चड्डीमुळे. त्याच्या अंगावर तेवढंच होतं. ती चड्डी जर्मनीतल्या दुकानांतून विकली जाणारी निघाली. मला आमचा करदोडा आठवला. तिथेही पोरगं पाचेक वर्षांचंच, नाव नाही, कुणी शोधायला आलेलं नाही. चेहरासुद्धा मिळाला नाही, दात मिळाले नाहीत. 'अ‍ॅडम' हे नाव पोलिसांनी दिलं, कारण त्याला कशानेतरी हाक मारायला हवी होती.

आणि मग त्यांनी काय केलं ते बघा. आपण ज्या मातीतलं खातो-पितो, त्या मातीखालच्या खडकातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य हाडांत साठत जातं. जुन्या खडकांत त्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण वेगळं, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टात वेगळं. अ‍ॅडमच्या हाडांतलं प्रमाण नायजेरियातल्या बेनिन सिटीच्या आसपासच्या अतिप्राचीन खडकांशी जुळलं. आतड्यातल्या परागकणांवरून कळलं की तो इंग्लंडात येऊन थोडेच दिवस झाले होते. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी आतड्यातले कण पाहून कॅलाबार बी ओळखलं. माणसाला लुळं करणारं विषारी बी आहे ते. २००२ मध्ये खुद्द नेल्सन मंडेला यांनी आवाहन केलं की हे मूल कुणाचं आहे ते कुणीतरी पुढे येऊन सांगावं. त्याला पुरलं २००६ साली. पाच वर्षं कुणीतरी विचारत राहिलं. खुनी अजून सापडलेला नाही, खरं नावही पक्कं झालेलं नाही. एक-दोन नावं पुढे आली, एकही ठरलं नाही.

हे वाचताना मी वडिलांची सायकल आठवत होतो. आमच्या पोराच्या हाडांत कुठली माती होती? कृष्णेची, की टोळीबरोबर आलं असेल तर मराठवाड्याची? १९७८ साली हे विचारायचं साधन नव्हतं हे मला कळतं. पण "कशाला त्रास करून घेताय" म्हणायला कुठलंच साधन लागत नाही. लंडनच्या मुलासाठी मी लिहिलं, कारण त्याच्यासाठी विचारणारं कुणीतरी होतं आणि आमच्या पोरासाठी एकटे वडील होते. याला तुम्ही हौस म्हणता. दोन पोरांमध्ये अंतर मोजायला तुम्हाला नकाशा लागला, मला लागला नाही.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. मथळ्यात 'नरबळी' आहे. संशय पोलिसांनीच धरला होता, मी तो हवेतून आणलेला नाही. पुढे प्रश्नचिन्ह हवं होतं म्हणता, असेल. पण या शब्दाचं वजन मला सांगायची गरज नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. त्यांची व्याख्यानं मी पुढच्या रांगेत बसून ऐकलीत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्या सकाळी वर्गात मला शिकवता आलं नाही. त्यानंतर जो कायदा झाला त्याच्या पूर्ण नावात 'महाराष्ट्र'नंतरचा पहिला शब्द 'नरबळी' आहे. तो शब्द मी सहज वापरत नाही.

देशाच्या बदनामीचं म्हणाल, तर नायजेरिया हे नाव मी लिहिलं कारण हाडांनी ते सांगितलं. यात बदनामी कसली, मला कळलं नाही. तुम्हाला कळली असेल तर तुमचं तुमच्यापाशी.

मथळा बदलणार नाही. टॉवर ब्रिजचं वाक्य बदलतो.

एक मात्र मागतो, आणि हे रागाने नाही. तुम्ही कराडचे. नदी आमच्याकडून तुमच्याकडेच येते. तुमच्या घरात, गल्लीत सत्तर-पंचाहत्तरीचं कुणी असेल तर त्यांना विचारा : १९७८ च्या ऊस हंगामात नात्यागोत्यात, टोळीत, शेजारी कुणाचं पोर नाहीसं झालं होतं का? पाचेक वर्षांचं. कमरेला काळा करदोडा, त्यात भोक पाडलेलं तांब्याचं नाणं. काही कळलं तर इथेच, याच लेखाखाली लिहा. नाव नाही दिलंत तरी चालेल.