तुतारीने गावाला जाताय? मग एवढं कराच

गणपतीला नाहीतर मे महिन्यात सावंतवाडीला जायचं ठरतंय आणि घरचे म्हणतायत बस नको, हायवेच्या खड्ड्यांत कंबर जाते, तर अजिबात विचार करू नका, दादर-सावंतवाडी तुतारी एक्सप्रेस पकडा. हिला आधी राज्यराणी म्हणायचे, मग 2017 मध्ये केशवसुतांच्या स्मरणार्थ तुतारी नाव ठेवलं. चांगलं झालं, राणीचा थाट कुठाय असं विचारायची सोयच उरली नाही.

पहिलं काम तिकीट. सकाळी 8 ला बुकिंग उघडतं, तेव्हा तुम्ही निवांत आंघोळीला जा. जे पावणेआठपासून लॉगिन करून बसलेत त्यांना तरी काय मिळतं, गोल फिरणारं चक्र, मग कॅप्चा, मग ओटीपी, आणि ओटीपी टाकेपर्यंत वेटिंग. पूर्वी हे बुकिंग 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे वेटिंग कन्फर्म होईल का या काळजीत जे चार महिने जायचे ते आता दोनच जातात. प्रवाशांच्या तब्येतीचा विचार करणारं खातं आहे हो.

समजा नशिबाने कन्फर्म मिळालंच, तर आता एक करा, तारीख नीट बघू नका. गाडी दादरहून सुटते 00:05 ला. तिकिटावर 26 तारीख असेल तर 25 च्या रात्री जेवून निघायचं असतं, पण असं वागणारी माणसं भित्री असतात. तुम्ही 26 ला दिवसभर ऑफिस करा, घरी या, मासे खा, साबुदाण्याच्या पापड्या पिशवीत भरा आणि रात्री साडेअकराला सहकुटुंब दादरला पोचा. इंडिकेटरवर तुतारी दिसेल, डबा दिसेल, सीटसुद्धा दिसेल, फक्त तिच्यावर एक काका पांघरूण घेऊन आडवे झालेले असतील आणि त्यांचं तिकीट बरोबर असेल. मग भांडा. मोबाईल नाचवत टीसीला सांगा की हे बघा, 26 च लिहिलंय. तो बिचारा मान हलवेल, त्याला सवय आहे. तुमच्या खऱ्या सीटवर काल रात्रीच एखादा आरएसीवाला झोपून गेला, दुपारी गावी जेवला आणि आत्ता ओटीवर घोरत पडलाय. अहो कोणाचं तरी भलं झालंच ना?

असो, वेळेवर पोचलात असं धरू. जनरलने जाणार असाल तर सामान कमी घ्या असं मी मुळीच सांगणार नाही, उलट दोन गोण्या जास्त घ्या, दारात ठेवा, म्हणजे ठाणे-पनवेलला चढणाऱ्यांना तुमची ओळख पटकन होते. संडासाजवळची जागा मिळाली तर सोडू नका, माणगाव येईपर्यंत तिचाही भाव वाढतो.

आता मेन गोष्ट, क्रॉसिंग. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला, आणि रोहा ते वीर हा 2021 मध्ये डबल झालेला तुकडा सोडला तर बाकी बहुतेक लाईन अजून सिंगल. त्यामुळे आडवली नाहीतर विलवडेसारख्या ठिकाणी गाडी थांबली की उगाच बाहेर डोकावून काय झालं विचारू नका, नवखे समजतील. शेजारच्या आजींकडे बघा, त्या डोळे न उघडता सांगतील, 'क्रॉसिंगाक थांबली आसा, गप निज.' वीस मिनिटं झाडं, लाल माती, सिग्नलखाली बसलेलं एक कुत्रं बघायचं, मग समोरून एक गाडी धाडधाड निघून जाते, काचा बंद, आतली माणसं केरळहून आलेली. आपल्याच गावावरून जाते पण आपल्या गावाला थांबत नाही. हात करा तिला, पाहुणचार आपल्याकडून कमी पडायला नको.

कोणी म्हणेल पैसे वाया जातात. उलट! कोकण रेल्वेच्या हद्दीत तिकिटाला अंतर 40 टक्के वाढवून धरतात, म्हणजे 100 किलोमीटर गेलात की 140 चे पैसे. लाईन बांधायला कर्ज काढलं होतं, ते फेडायचं होतं म्हणून हे सुरू झालं. आता पैसे 140 चे घेतल्यावर वेळही 140 चा नको का द्यायला? देतात की, प्रामाणिकपणे देतात. पावसाळ्यात तर वेगळं टाईमटेबल लावून जास्तच देतात (दरडी येतात, ते मात्र खरं आहे, तिथे गाडी हळूच चाललेली बरी).

मधे रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. ऑफिसमधल्या साहेबाला फोन लावायचा असेल तर नेमका तिथेच लावा.

आणि सावंतवाडीला उतरलात की बाहेर पडायची घाई करू नका. इथे टर्मिनस होणार म्हणून 2015 मध्ये भूमिपूजन झालंय. पोरांना सोबत घ्या, टर्मिनस शोधायला लावा. सापडेपर्यंत तुम्ही रिक्षावाल्याशी भाड्याचं ठरवून घ्या, स्टेशन गावात नाहीये, तो सांगेल तो आकडा शेवटचाच.