रश्श्यानं विषाणू जळत नाही

पावसाळ्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फिरते. सध्या तिच्या जोडीला हा मेसेज: ‘सर्दीचा विषाणू नाक आतून पोखरतो, म्हणून नाक गळतं. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक सुरू करा. प्रतिकारशक्ती वाढवा, सर्दी होणारच नाही. तांबडा रस्सा प्या, विषाणू जळतो.’

‘पोखरतो’ इथंच गाडी घसरली. सर्दीमागे सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ऱ्हायनोव्हायरस. तो नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. ऐन सर्दीतही थोड्याच पेशींना त्याची लागण झालेली असते. दंगा करतात आपल्याच पेशी. विषाणू आत शिरून स्वतःच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय धाग्याच्या, नकला काढू लागला की दुपदरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत तसला लांबलचक धागा सहसा नसतो, म्हणून एमडीए-५ आणि टीएलआर-३ हे पहारेकरी त्याला ओळखतात. मग पेशी इंटरफेरॉन नावाची धोक्याची सूचना सोडते आणि शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखायच्या तयारीला लागतात. त्याच वेळी पेशीतली सुजेची कळ, एनएफ-कप्पा-बी, जागी होते आणि इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ हे सुजेचे सांगावे बाहेर पडतात. आठ नंबरच्या हाकेवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात. रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, नाक चोंदतं. आपण जिला सर्दी म्हणतो, ती बरीचशी ही सूजच.

हिरव्या रंगाचं कोडंही इथंच सुटतं. न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवं विकर (एन्झाइम) असतं; या पेशी गोळा झाल्या की शेंबडाला रंग चढतो. तेवढ्यावरून जिवाणू झाले असं ठरत नाही, आणि विषाणूला अँटिबायोटिकचं काही सोयरसुतक नाही. दहा दिवस उलटूनही उतार नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टरांकडे जा, मेडिकलवाल्याकडे नव्हे.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’. अहो, पण कुठली? ही सूज म्हणजे प्रतिकारशक्तीच की! इंटरफेरॉन वेळेवर आलं तर फायदा; सूज भडकली तर त्रास, आणि दमेकऱ्याला तर साध्या सर्दीनंही झटका येतो. शिवाय या विषाणूचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाशी ओळख झाली म्हणून दुसरा टळत नाही.

राहिला रस्सा. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंना डिवचतं आणि धडधाकट माणसाचंही नाक वाहतं. तिथं विषाणू नसतोच. प्यायचा तर जरूर प्या, पांढराही प्या. वाफेनं घटकाभर बरं वाटेल. पण विषाणू बसलाय नाकाच्या पेशीत आणि रस्सा चाललाय पोटात. त्यांची गाठ पडणार कुठं?